बारा घरांचं इंटरनेट आणि माझी शेजपाळी

आमच्या सोसायटीतल्या बारा घरांचं इंटरनेट मी तीन आठवडे तुंबवून ठेवलं होतं. त्याच तीन आठवड्यांत, इंटरनेट कोण अडवतंय याचा छडा लावायला सोसायटीने जी समिती नेमली होती, तिचा अध्यक्षही मीच होतो. (समितीत दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे निदान मतभेद तरी झाले नाहीत!)

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. उभ्या नोकरीत मी एकच काम केलं, पाणी कुठे चोरीला जातं ते शोधायचं. कालव्याच्या तोंडाशी, म्हणजे हेडला, ज्यांची शेतं असतात ते पोटभर पाणी ओढतात आणि पार शेवटी, टेलला, बसलेला माणूस कोरड्या चारीकडे, म्हणजे शेतापर्यंतच्या पाटाकडे, बघत आमच्या नावाने बोटं मोडतो. हे इतकी वर्षं बघितल्यावर, जगात कुठेही काही कमी पडलं की वरच्या अंगाला कोणीतरी चोरतंय, असंच मला वाटायला लागलं होतं. अगदी भाजीत मीठ कमी पडलं तरी!

"अहो, मीठ मीच कमी घातलंय, तुमच्या बीपीसाठी," असं सुमन म्हणायची. सुमन म्हणजे आमची ही. तिचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

फोनवर माणसं दिसत नव्हती त्या काळातली ही गोष्ट. आमचा महेश बायकोला घेऊन मेलबर्नला नोकरीला गेला. जाण्याआधी त्याने हॉलमध्ये कॉम्प्युटर बसवला, वर एक डोळ्यासारखा कॅमेरा लावला आणि केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं. केबलवाल्याने गच्चीवर एक पेटी बसवली होती, तिथून बारा घरांत निळ्या वायरी उतरल्या होत्या. आमची वायर तळमजल्यावर येऊन पाच भोकांच्या एका डब्यात शिरायची. डब्यातून एक वायर कॉम्प्युटरला आणि दुसरी आतल्या खोलीत, महेशच्या लॅपटॉपसाठी.

"बाबा, हा डबा कधीही बंद करायचा नाही," महेश बजावून गेला.

मी एवढ्या वर्षांत वरिष्ठांची सुद्धा इतकी आज्ञा पाळली नसेल! डबा रात्रंदिवस चालू. रोज संध्याकाळी महेश आणि सूनबाई पडद्यावर दिसायचे, सुमन त्यांना आज काय भाजी केली ते वाटी कॅमेऱ्यापुढे धरून दाखवायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

सूनबाईचे दिवस भरत आले तेव्हा मी आनंदाच्या भरात घर आवरायला काढलं. आतल्या खोलीत पलंगामागे मला एका निळ्या वायरीचं टोक जमिनीवर मोकळं पडलेलं दिसलं. लॅपटॉप तर मेलबर्नला! म्हणजे इतके महिने इंटरनेट या टोकातून फरशीवर सांडत होतं! चारीचं तोंड उघडं सोडून गेलेल्या पाटकऱ्यांना, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसांना, मी मेमो दिलेले आहेत, आणि माझ्याच घरात हा प्रकार?

मी ते टोक उचललं, वायर ओढत हॉलमध्ये आणली आणि डब्याच्या एका रिकाम्या भोकात टच्चकन बसवून टाकली. वाया जाणारं पुन्हा डब्यात! त्याबरोबर डब्यावरचे सगळे हिरवे दिवे असे धडाधड लुकलुकायला लागले की मला भरून आलं.

"बघ, बघ कसा प्रवाह वाढला!" मी सुमनला हाक मारून दाखवलं.

"आधी असे नव्हते हो नाचत," ती म्हणाली.

"आधी गळती होती!"

त्याच संध्याकाळी इंटरनेट मंदावलं. आणि चारच दिवसांनी मेलबर्नला आम्हाला नात झाली.

फोनवर बातमी कळली, पेढे वाटले, आणि आम्ही दोघं न्हाऊन-धुऊन नातीचं मुखदर्शन घ्यायला कॉम्प्युटरपुढे बसलो. पडद्यावर आधी चौकोन दिसले. मग अंधार. मग हळूहळू एक कान उमटला. नातीचा उजवा कान! आणि चित्र तिथेच थांबलं. अर्धा तास आम्ही तो कान बघितला. आवाज येत होता, पण महेशचा एक शब्द आला की पुढच्यापर्यंत चहा करून व्हायचा.

"कान अगदी तुमच्यावर गेलाय," असं म्हणून सुमनने मीठ-मोहऱ्या आणून त्या कानाची दृष्ट काढली.

शेवटी महेशने फोन केला. "बाबा, तुम्ही वायरीला कुठे हात लावलात का?"

"छे! उलट व्यवस्थित केली!" मी म्हणालो. हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की त्याने तो विषयच सोडला. "बरं," तो म्हणाला, "तिसऱ्या रविवारी बारसं करतोय. आणि नाव ताईनेच ठेवायचं. तिला येता येत नाहीये, पण ती कॉम्प्युटरवरून तरी बाळाच्या कानात सांगेल. तिच्याशिवाय बारसं नाही."

ताई म्हणजे आमची थोरली लेक, वैशाली. लासलगावला दिलेली. महेशपेक्षा आठ वर्षांनी मोठी, त्याला कडेवर घेऊन वाढवलेली. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, कानात कुर्र करून सांगायचं, ही आपली रीत. त्या कुर्रसाठी तिने व्हिसाचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. आता तिची सगळी भिस्त माझ्या निळ्या वायरीवर होती. "बाबा, होईल ना हो तोपर्यंत नीट?" तिने फोनवर विचारलं. एरवी कांद्याच्या लिलावात नवऱ्याच्या बरोबरीने बोलणारी पोर, पण तो आवाज इतका बारीक होता की मी तिला वचनच दिलं. तिला म्हणालो, अख्खं आयुष्य टेलला पाणी पोचवण्यात गेलंय माझं, एवढं इंटरनेट पोचवता येणार नाही?

मग मी कामाला लागलो.

प्रथम केबलवाल्याच्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "काका, कॉम्प्युटर बंद करून चालू करा." मी दिवसाला अकरा वेळा बंद करून चालू केला. (डबा सोडून! डबा बंद करायचा नव्हता ना!) मग वायरीची वळणं सरळ केली, कारण वळणावर वेग मरतो हे मला ठाऊक होतं. तरी फरक नाही. मग लक्षात आलं, टेबल उंच आहे. चढावर काय कपाळ येणार! मी कॉम्प्युटर टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवला, वायरीखाली विटा लावून व्यवस्थित उतार काढला आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलो.

सुमन दारात येऊन बराच वेळ बघत राहिली. "अहो, ते पाणी आहे का?"

"वाहतं ते सगळं सारखंच."

"मग नळाखाली बादली ठेवा," असं म्हणून ती आत गेली.

उताराने गुण आला नाही, तेव्हा माझ्यातला निरीक्षक जागा झाला. आम्ही तळमजल्यावर. इंटरनेट गच्चीवरून येतं. म्हणजे तिसरा मजला हेडला आणि आम्ही टेलला! सगळा उलगडा झाला. मी जिना चढून प्रत्येक घरी चौकशी केली, तर जो तो म्हणे, "आमचंही चालत नाही हो." नोकरीतही हेच ऐकत आलो होतो. ज्याच्या उसाला काल रात्री पाणी भरलंय तोच सकाळी सगळ्यात जास्त रडतो.

सोसायटीची मीटिंग लागली आणि छडा लावायला माझी एकट्याची समिती नेमली गेली. मी फळ्यावर कालव्याची आकृती काढून समजावलं, आणि इंटरनेटची शेजपाळी सुचवली. शेजपाळी म्हणजे ज्याची पाळी त्यानेच पाणी घ्यायचं, बाकीच्यांनी बंद ठेवायचं. प्रत्येक घराला रोज एक तास. लोडशेडिंगच्या वेळा वगळून मी तक्ता केला आणि जिन्यात चिकटवला.

"आणि सुरुवात कुठून?" दुसऱ्या मजल्यावरच्या बोरस्ते वहिनींनी विचारलं. वहिनी घरी ब्लाउज शिवायच्या, भरतकामाचे नमुने नेटवर बघायच्या.

"टेलपासून. तसा नियमच आहे."

"म्हणजे तुमच्यापासून."

"आता टेलला मी राहतो, त्याला नियम काय करणार?"

वहिनींनी नाक मुरडलं, पण पाळला हो सगळ्यांनी तक्ता! तिसऱ्या मजल्यावरचे पगारे सर, गणिताचे शिक्षक, त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाच्या याद्या रोज लागत होत्या. तरी ते माझ्या तासाला स्वतः उठून कॉम्प्युटर बंद करायचे. "निकम साहेब, नातीचं बघा आधी. यादी काय, कॉलेजच्या दारावर जाऊन वाचता येते," असं म्हणून ते सायकल काढून कॉलेजवर जायचे सुद्धा. आज हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तेव्हा मी काय विचार केला? एवढा गोड बोलतोय, म्हणजे पाणी इथेच मुरतंय!

कारण माझ्या तासालाही इंटरनेट काही धावत नव्हतं. बारापैकी अकरा घरं बंद, आणि तरी मला नातीचा तोच कान! कोणीतरी चोरून भरत होतं. मी गस्त सुरू केली. चपला हातात घेऊन जिना चढायचा आणि दारांना कान लावायचा. तिसऱ्या दिवशी पगारे सरांच्या दाराला कान लावून उभा असताना दार आतून उघडलं आणि मी कानासकट त्यांच्या छातीवर गेलो.

"या ना साहेब, या," सर म्हणाले. त्यांनी माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. "चहा टाकायलाच सांगत होतो."

मी चहा प्यायलो. (चहा पिता पिता त्यांचा कॉम्प्युटर गरम आहे का तेही हात लावून बघितलं. थंडगार होता!)

मधेच केबलवाल्यांचे दगूभाऊ येऊन गेले. हे मूळचे विंचूरचे, पन्नाशी उलटलेले, आधी पंपाच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचे. ते बिचारे थेट आमच्या घरात शिरत होते, मी त्यांना दारातच अडवलं. "अहो, टेलवाल्याला काय तपासता? हेड तपासा!"

"साहेब, एकडाव तुमचा डबा बघतो ना."

"डब्यात काही दोष नाही. दिवे बघा कसे पळतायत."

"पळत्यात खरं," दगूभाऊ उंबऱ्यातून मान लांब करून म्हणाले, "लयच पळत्यात." पण मी त्यांचा दंड धरून त्यांना गच्चीवर पाठवलं. त्यांनी गच्चीवरची पेटी पुसली आणि गेले.

मग एका पुतण्याच्या लग्नाला आम्ही दोन दिवस देवळ्याला गेलो. बाहेरगावी जाताना घराचा मेन स्विच पाडायचा ही सुमनची सवय. मला न विचारता तिने तो पाडला. परत आलो तर बोरस्ते वहिनी जिन्यातच भेटल्या. "भाऊ, दोन दिवस काय सुसाट चाललं हो नेट! सरांच्या पोरीची यादी पण उघडली. आणि आज सकाळपासून पुन्हा गचकलं."

आम्ही त्या दिवशी सकाळीच आलो होतो.

सुमन माझ्याकडे बघायला लागली. "अहो, आपण नसलो की चालतं, आपण आलो की बंद पडतं. यातून तुम्हाला काही कळतं का?"

"कळतं ना!" मी दबक्या आवाजात म्हणालो. "चोराचा रोख माझ्या एकट्यावर आहे. हे वैयक्तिक वैर आहे!"

सुमनने कपाळाला हात लावला. मी तो दुजोरा समजलो.

बघता बघता तिसरा रविवार उजाडला. वैशाली आदल्या दिवशीच लासलगावहून आली होती. नाव तिने ठरवलं होतं आणि कोणालाही, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सुमनने हॉलमध्ये पाळणा सजवला, त्यात बाळाच्या जागी वरवंट्याला कुंची घालून ठेवलं. अकरा वाजता, म्हणजे तिकडे दुपार कलल्यावर, मुहूर्त धरला होता. बाकीच्या अकराही घरांतली माणसं आली. तक्ता बाजूला ठेवून सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर सकाळपासूनच बंद केले होते, मी न सांगता! कोणी घुगऱ्या आणल्या, बोरस्ते वहिनींनी बाळासाठी स्वतः शिवलेलं झबलं आणलं, ते मेलबर्नला पोचायचं होतं तेव्हा पोचणार होतं.

वैशाली पैठणी नेसून जमिनीवर कॉम्प्युटरपुढे बसली. (उतार अजून तसाच होता!) पडद्यावर चौकोन. अंधार. मग सूनबाईच्या साडीचा काठ. चित्र थांबलं.

"ता..." महेशचा आवाज आला. सगळे पुढे सरकले. "...ई."

पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. वैशालीने माईक घट्ट धरला होता, आणि तिच्या गालावरून पाणी यायला लागलं. "राहू द्या बाबा," ती म्हणाली, "तिकडे कोणी असेल शेजारीपाजारी, तिला ठेवू द्या नाव." मला वचन आठवलं आणि फार वाईट वाटलं. मी उठलो, तिसऱ्या मजल्याकडे बोट रोखलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "आज तरी कोण भरतंय ते सांगा!"

सगळे तर माझ्याच हॉलमध्ये बसले होते! हेड, टेल, मधला सगळा कालवा! फक्त पगारे सर दिसत नव्हते.

"बघा!" मी म्हणालो. "सर नाहीत!"

तेवढ्यात सर दारात आले. घामाघूम. रविवारी केबलवाल्यांचं ऑफिस बंद म्हणून ते कोणाची तरी स्कूटर मागून दगूभाऊंना त्यांच्या घरून, जेवत्या ताटावरून उठवून घेऊन आले होते. मी वर केलेलं बोट तसंच राहिलं. मग मी त्या बोटाने कान खाजवला.

दगूभाऊ या वेळी मला न विचारता गच्चीवर गेले. बोरस्ते वहिनी वर जाऊन आपला कॉम्प्युटर लावून बसल्या, आणि जिन्यातून आवाज यायला लागले.

"एक नंबरची काढली! चाललं का?"

"नाही!"

असं एकेक काढत आणि परत लावत अकरा वायरी झाल्या.

"बारा नंबरची काढली!"

"चाललं! चाललं हो! काय पळतंय!"

"लावली!"

"गेलं!"

"काढली!"

"आलं!"

"बारा नंबर कोणाचा?" दगूभाऊंनी वरून विचारलं. हॉलमधली सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली.

दगूभाऊ खाली आले, डब्यापुढे उकिडवे बसले आणि एक निळी वायर चिमटीत धरली. "साहेब, ही वायर कुठून निघती?"

"डब्यातून."

"आन् जाती कुठं?"

मी वायरीवरून नजर फिरवली. पलंगाच्या खोलीपर्यंत गेलो, तिथून परत आलो. "डब्यात," मी म्हणालो.

फक्त पाळण्याची कडी करकरली.

"दोन्ही तोंडं एकाच डब्यात!" दगूभाऊ म्हणाले. "मंग ते बिचारं हितंच गरगरा फिरतंय ना! आन् आख्ख्या बिल्डिंगला फिरवतंय. सुटाया वाटच नाय त्याला. कोनी लावली ही?"

"वाया जात होतं हो," मी म्हणालो. "टोक उघडं होतं."

"साहेब, वायरीतून काय सांडत नसतंय!" असं म्हणून त्यांनी ती वायर उपटली. डब्यावरचे दिवे शांत झाले. दगूभाऊ जिने चढून वर गेले, आमची वायर पुन्हा पेटीत लावली. आणि जमिनीवर ठेवलेल्या त्या पडद्यावर आमची नात दिसली. अख्खी! दोन्ही कान, नाक, मूठ, सगळं! तिने मोठी जांभई दिली आणि ती जांभई सुरू होऊन संपेपर्यंत दिसली.

सूनबाईने स्पीकर बाळाच्या कानाशी नेला. वैशालीने डोळे पुसले, माईक ओठांशी घेतला आणि म्हणाली, "कुर्रर्र! जुई!" बाळाने मान वळवली. आवाज कुठून आला ते शोधत ती इकडेतिकडे बघायला लागली. सुमन रडली, वैशाली रडली, तिकडे महेशही चष्मा काढून पुसत होता. मी तर रडण्याच्या लायकीचाही उरलो नव्हतो, पण रडलो. तीन आठवडे ज्यांना चोर ठरवलं, त्यांचेच सगळ्यांचे डोळे माझ्या लेकीसाठी ओले झाले होते. इतकी चांगली माणसं मला कोणत्या पुण्याईने मिळाली हे मला आजही कळलेलं नाही. माझ्या वागण्यावर ती मिळालेली नाहीत एवढं नक्की.

मी हात जोडून उभा राहिलो. "मला माफ करा. विशेषतः सर, तुम्ही. मी तुमच्यावर..."

"माहीत होतं मला," पगारे सर म्हणाले. "चपला हातात घेऊन कोणी चहाला येत नाही."

आता एक रीत राहिली होती. आत्याने कुर्र केलं की जमलेल्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. बायका हात सरसावून वैशालीकडे निघाल्या, तोच बोरस्ते वहिनी म्हणाल्या, "थांबा! तिने काय केलंय बिचारीने? धपाटे ज्याच्या वाटचे त्याला घाला!"

पुढची पाच मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. बाराही घरांनी हात धुऊन घेतले. सुमनने तर रांगेत दोनदा नंबर लावला. कधी विद्यार्थ्यावर हात न उगारलेले पगारे सर आधी नको नको म्हणत होते, पण त्यांचाच धपाटा सगळ्यात जोरात बसला आणि मी कळवळून म्हणालो, "सर, अजून एक घाला!"

अशा रीतीने माझ्या नातीने आपल्या आजोबांना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते अख्ख्या सोसायटीचा मार खाताना. आणि तेवढी पाच मिनिटं, शपथ सांगतो, चित्र एकदाही अडकलं नाही!